अमेरिका–कॅनडा सीमा आयोगाची सेवा : ८,८९१ किलोमीटरच्या हद्दीची निगराणी

अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधली ८,८९१ किलोमीटर लांबीची हद्द जंगलातून, गवताळ मैदानांतून, नद्या-सरोवरांतून आणि क्वचित घरांच्या भिंतींमधूनही नेमकी कुठून जाते हे सांगण्याचे, आणि ती तशीच दिसत राहील याची काळजी घेण्याचे काम ‘आंतरराष्ट्रीय सीमा आयोग’ नावाची एक लहानशी संस्था करते. पारपत्र तपासणारे अधिकारी, गस्तीच्या गाड्या, सीमाशुल्क यांपैकी कशाशीही या आयोगाचा संबंध नाही. दोन्ही देशांच्या सामायिक पाण्याचे प्रश्न हाताळणारा संयुक्त आयोगही वेगळाच असून तो १९०९च्या करारातून निर्माण झालेला आहे. सिअ‍ॅटलच्या परिसरात राहणारी मराठी कुटुंबे सुट्टीत व्हँकुव्हरकडे निघाली की ब्लेन गावाजवळची पीस आर्च ही पांढरी कमान त्यांना दिसतेच; तिच्या दोन्ही अंगांना जी रेघ पुढे जाते ती कोण सांभाळते याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. मोजणीचे शिक्षण घेतलेले असल्यामुळे मी या सेवेकडे पर्यटकाच्या नजरेपेक्षा भूमापकाच्या नजरेने अधिक पाहिले आहे. माझ्या मते ती पाचपैकी चार गुणांची आहे, आणि उरलेला एक गुण का कापला तेही पुढे सविस्तर सांगितले आहे.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण तिच्या कायमपणात आहे. १९०८च्या कराराने दोन्ही देशांनी जुन्या हद्दीची फेरमोजणी करून नव्याने खुणा उभारण्याचे ठरवले, आणि त्या कामासाठी नेमलेल्या आयुक्तांना १९२५च्या कराराने कायमचे स्वरूप दिले. खांबांची पाहणी करणे, मोडलेले दुरुस्त करणे, वाहून जाण्याच्या बेतात असलेले हलवून सुरक्षित जागी बसवणे, हद्दीवरची झाडी तोडून दृष्टिमार्ग मोकळा ठेवणे, हद्दीवरील एखाद्या बिंदूविषयी प्रश्न निघाल्यास त्याचे स्थान निश्चित करून देणे आणि दरवर्षी दोन्ही सरकारांना अहवाल सादर करणे, एवढी कामे त्या करारात स्पष्टपणे नेमून दिलेली आहेत. एक आयुक्त अमेरिकेचा, एक कॅनडाचा. संयुक्त खर्च निम्मा-निम्मा. अशी व्यवस्था नसली म्हणजे काय होते त्याचे उदाहरण २०२१मध्ये युरोपात घडले. बेल्जियममधील एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या वाटेत १८१९ सालचा हद्दीचा दगड येत होता, म्हणून त्याने तो उचलून २.२९ मीटर पलीकडे, म्हणजे फ्रान्सच्या बाजूला, नेऊन ठेवला. गावच्या महापौरांनी प्रकरण समजुतीने हाताळले. परंतु शेतकऱ्याने ऐकले नसते तर हा प्रश्न १९३०पासून निद्रिस्त असलेल्या फ्रेंच-बेल्जियन सीमा आयोगापुढे न्यावा लागला असता, असे तेव्हा सांगण्यात आले. बांध कोरणारा शेतकरी दरवर्षी वीतभरच पुढे सरकतो आणि शेजारी दहा वर्षांनी मोजणी आणतो तेव्हा अख्खी सरी गेलेली असते, हे आपल्याकडे गावोगाव पाहायला मिळते. दर उन्हाळ्यात बांधावरून फिरणारा कोणी नेमलेला असेल तर ती वेळ येत नाही. अमेरिका आणि कॅनडा यांनी शंभर वर्षांपूर्वी नेमका तो माणूस नेमला.

दुसरा गुण तांत्रिक आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. वुड्स सरोवरापासून रॉकी पर्वतापर्यंतची हद्द ४९ अंश उत्तर अक्षवृत्ताने जावी असे १८१८च्या करारात ठरले, आणि १८४६च्या कराराने तेच अक्षवृत्त पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत पुढे नेले. कागदावर हे एका ओळीत लिहून झाले. जमिनीवर ते अक्षवृत्त शोधण्यासाठी पश्चिमेकडे १८५७पासून १८६२पर्यंत, आणि मैदानी प्रदेशात १८७२पासून १८७६पर्यंत दोन्ही बाजूंच्या पथकांना खपावे लागले. ठरावीक अंतरावर तळ टाकायचा, रात्री दुर्बिणीतून तारे पाहून त्या जागेचे अक्षांश काढायचे, तेथून दक्षिणेला किंवा उत्तरेला फितीने मोजत जाऊन खूण करायची, आणि पुढच्या तळाकडे निघायचे, अशी ती पद्धत होती. या पद्धतीत एक दोष अंगभूत असतो. ताऱ्याची उंची मोजताना ‘सरळ वर’ कोणते हे गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून, म्हणजे शेवटी ओळंब्यावरून, ठरवावे लागते. आणि जवळ मोठा पर्वत असला किंवा जमिनीखालच्या खडकाची घनता असमान असली की ओळंबा किंचित कलतो. अक्षांशाच्या एका विकलेचा (अंशाच्या ३,६००व्या भागाचा) फरक जमिनीवर सुमारे ३१ मीटरचा होतो, त्यामुळे काही विकलांची चूक शंभर-दोनशे मीटरच्या घरात जाते. परिणामी जमिनीवरची हद्द ४९ अंशांच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी झुकत, नागमोडी जाते. पीस आर्चपाशी हद्दीवर उभे राहून फोनवर अक्षांश पाहिले तर ते ४९.००२च्या आसपास दिसतात. म्हणजे ज्याला आपण ४९ अंश म्हणतो ती रेषा तेथून दोनशे मीटरहून अधिक दक्षिणेला, अमेरिकेच्या हद्दीत राहते.

मग खरी हद्द कोणती? या प्रश्नाला दोन्ही देशांनी दिलेले उत्तर आदर्श आहे असे मी मानतो. जागेवर उभारलेल्या आणि उभयतांनी मान्य केलेल्या खुणा हीच हद्द. अक्षवृत्त पुस्तकात कुठेही असो. १९२५च्या करारात त्यापुढचा बारकावाही मिटवून टाकलेला आहे. दोन लगतच्या खांबांमध्ये अक्षवृत्ताची वक्र रेषा धरायची नाही, सरळ रेषा धरायची. याचा फायदा असा, की उद्या मोजणीची साधने कितीही सूक्ष्म झाली तरी ‘तुमच्या आजोबांनी दोनशे मीटर चूक केली होती’ असे म्हणून कोणालाही जुने प्रकरण उकरता येत नाही. आपल्याकडे नव्या यंत्राने मोजणी झाली की जुन्या मोजणीपेक्षा वेगळे आकडे निघतात आणि तेथूनच नवे दावे उभे राहतात, हे मोजणीच्या क्षेत्रात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अचूकतेपेक्षा मान्यतेला वरचे स्थान देणारा हा नियम म्हणूनच फार शहाणपणाचा आहे.

अर्थात खुणांवर एवढी भिस्त ठेवायची तर खुणा टिकल्या पाहिजेत आणि त्यांची कागदपत्रे हाताशी असली पाहिजेत. हा धडा या दोन देशांनाही ठेच लागूनच मिळाला. १८५७-६२च्या मोजणीचे अंतिम अहवाल पुढे कोणालाच सापडेनात, आणि १८९८मध्ये ऑटो क्लोट्झ या कॅनडाच्या खगोलशास्त्रज्ञाला ते इंग्लंडमधील ग्रिनिच वेधशाळेत मिळाले. तोवर पश्चिमेकडच्या अनेक दगडी खुणा ढासळल्या होत्या आणि तोडलेल्या जागी पुन्हा जंगल माजले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी झालेली फेरमोजणी आणि त्यानंतरचे दोन्ही करार हे या अनुभवाचे फलित आहे. आज आयोगाकडे ८,०००हून अधिक हद्दीच्या व संदर्भाच्या खुणांची नोंद आहे, आणि हद्द जेथे वळते त्या प्रत्येक बिंदूचे सहनिर्देशक (अक्षांश-रेखांश) आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. मी ते उतरवून एका विनामूल्य नकाशा-प्रणालीत उघडून पाहिले. नोंदी सुटसुटीत आहेत, कोणत्या आधारप्रणालीत (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या मूळ चौकटीत) त्या दिल्या आहेत याचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि उपग्रहचित्रावर रेघ टाकल्यावर ती जंगलातल्या तोडलेल्या पट्ट्यावर बरोबर बसते. एखाद्या देशाने आपल्या आंतरराष्ट्रीय हद्दीची इतकी बारीक माहिती अशी खुली ठेवावी, याचे भारतातून आलेल्या माणसाला विशेष कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

जंगलातला तो पट्टा सहा मीटर रुंदीचा असतो. हद्दीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर. त्यातली झाडे बुंध्याशी तोडली जातात, जेणेकरून सामान्य माणसालाही आपण हद्दीवर आहोत हे कळावे आणि भूमापकाला एका खांबापासून पुढचा खांब दिसावा. काम उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांतच करता येते. डोंगराळ भागात माणसे, यंत्रकरवत, सिमेंट आणि मोजणीची साधने हेलिकॉप्टरने न्यावी लागतात. हललेल्या खांबाचा चौथरा नव्याने बांधणे, खांबाचे स्थान उपग्रहाच्या साहाय्याने पुन्हा मोजून नोंदवणे, रंग देणे, आणि पुढच्या खांबाकडे जाणे हा क्रम वर्षानुवर्षे चालतो, कारण एका टोकाचे काम संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला झाडी पुन्हा वाढलेली असते. अलास्का आणि कॅनडा यांच्यामधल्या २,४७५ किलोमीटरांवर तर अडचण आणखी मोठी आहे. तेथील १४१ अंश पश्चिम रेखावृत्ताची हद्द आर्क्टिक महासागरापासून सेंट इलियास पर्वताच्या हिमनद्यांपर्यंत जाते, आणि रस्ते बहुतेक ठिकाणी नाहीतच.

वॉटरटन–ग्लेशियर हे १९३२मध्ये स्थापन झालेले जगातील पहिले आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान. वॉटरटन सरोवरातून नावेने जाताना दोन्ही तीरांवरच्या डोंगरउतारांवर हा पट्टा सरळ वर चढत गेलेला दिसतो. दोन देशांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून राखलेल्या अरण्यातही झाडे तोडावी लागतात याचे प्रथमदर्शनी वाईट वाटते, आणि निसर्गप्रेमींची नाराजी मला समजू शकते. तरीही पट्टा राखावा याच मताचा मी आहे. सहा मीटर रुंदीचा मोकळा पट्टा आणि काही अंतरावर एकेक खांब एवढ्यावर जर हद्द भागत असेल, तर कुंपण, भिंत आणि दिवे यांच्या तुलनेत जंगलाचे त्यात फारच थोडे नुकसान होते. हरिण आणि अस्वल हा पट्टा बिनदिक्कत ओलांडतात.

हद्दीचा खांब जवळून पाहायचा असेल तर ब्रिटिश कोलंबियातील झिरो अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर जावे. सरे, लँगली आणि अ‍ॅबट्सफर्ड या गावांच्या दक्षिण टोकाने जाणारा हा रस्ता कॅनडाचा आहे, आणि त्याच्या कडेचा चर ओलांडला की अमेरिका सुरू होते. काही ठिकाणी चराच्या पलीकडे त्याला समांतर अमेरिकेचा रस्ता आहे, आणि दोन देशांची टपालपेटी, विजेचे खांब, कुत्र्याला फिरवणारी माणसे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. आम्ही थांबलो होतो तेथील खांब छातीएवढ्या उंचीचा, चौकोनी, वर निमुळता होत गेलेला होता. एका अंगाला एका देशाचे नाव, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचे, आणि १८४६च्या कराराचा उल्लेख कोरलेला. अक्षरे स्पष्ट वाचता येत होती, पायथ्याशी गवत नुकतेच कापलेले होते आणि चौथऱ्याला कुठेही तडा नव्हता. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या, वाहनांचा धक्का सहज लागू शकणाऱ्या खुणेची ही अवस्था पाहून या सेवेविषयीचा माझा आदर वाढला.

आता कापलेल्या गुणाविषयी. हद्दीपासून तीन मीटरच्या आत आयोगाच्या परवानगीशिवाय काहीही बांधता येत नाही, असा नियम आहे. कॅनडाने १९६०मध्ये स्वतंत्र कायदा करून त्याला बळ दिले. अमेरिकेने तसा कायदा केलेला नाही, तेथे सारा भार कराराच्या शब्दांवर आहे. याचा परिणाम ब्लेनमध्ये दिसला. एका वृद्ध दांपत्याने परसात माती अडवण्यासाठी सुमारे चार फूट उंचीची भिंत बांधली, ती पट्ट्यात येते म्हणून आयोगाने काढून टाकण्यास सांगितले, आणि मालकीहक्काच्या मुद्द्यावर प्रकरण न्यायालयात गेले. अमेरिकी सरकारची आणि आयोगाची भूमिका एक राहिली नाही, आणि २००७मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अमेरिकेच्या आयुक्तांना पदावरून दूर केले. आयुक्त हा केवळ आपल्या सरकारचा नोकर की दोन्ही देशांनी मिळून नेमलेल्या स्वतंत्र संस्थेचा घटक, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. भिंतीचे काय व्हावे यावर दोन मते असू शकतात. पण घर विकत घेणाऱ्याला खरेदीखताच्या वेळी या तीन मीटरांची माहिती स्पष्टपणे मिळाली पाहिजे, आणि ती मिळेल अशी कायदेशीर तजवीज अमेरिकेने केली पाहिजे, यावर दुमत होऊ नये. सेवा देणाऱ्याचा अधिकार एका बाजूला भक्कम आणि दुसऱ्या बाजूला संदिग्ध असणे ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे.

पैशांची ओढाताण ही दुसरी उणीव. २००६च्या सुमारास अमेरिकेच्या आयुक्तांनीच जाहीरपणे सांगितले होते की, अनेक ठिकाणी रान इतके माजले आहे की हद्द शोधावी लागते. सीमासुरक्षेवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने आयोगाला मिळणारी रक्कम अगदी किरकोळ आहे, आणि काटकसरीच्या वर्षी ती देखभाल पुढे ढकलली जाते. पुढे ढकललेली देखभाल पुढे महागात पडते, कारण रोपटे कापण्याऐवजी मग झाड कापावे लागते.

तिसरी तक्रार सर्वसामान्य माणसाच्या वतीने आहे. २०१८मध्ये कॅनडातील व्हाइट रॉक येथे समुद्रकिनाऱ्यावर धावणारी एक फ्रेंच तरुणी ओहोटीच्या वाळूवरून नकळत अमेरिकेत शिरली आणि तिला दोन आठवडे स्थानबद्धतेत काढावे लागले. तिला अटक करणारे अधिकारी आयोगाचे नव्हते आणि किनाऱ्यावर फलक लावणे हे आयोगाचे नेमून दिलेले कामही नाही. परंतु हद्द ‘प्रभावी’ राखायची हा कराराचा शब्द असेल तर ती भूमापकाइतकीच धावणाऱ्या मुलीलाही कळली पाहिजे, आणि वस्तीलगतच्या मोजक्या जागी साध्या भाषेतले फलक लावण्याचा आग्रह आयोगाने दोन्ही सरकारांकडे धरायला हवा. क्वेबेक आणि व्हरमाँट यांच्या हद्दीवर १९०४मध्ये सुरू झालेल्या हॅस्केल ग्रंथालयात हे काम किती सोप्या रीतीने साधले आहे पाहा. वाचनकक्षाच्या जमिनीवर काळी पट्टी आहे, एवढेच. तेथे २०२५मध्ये कॅनडाच्या वाचकांच्या प्रवेशावर अमेरिकेने निर्बंध आणले, आणि त्यांच्यासाठी कॅनडाच्या बाजूने स्वतंत्र दार करावे लागले; हा निर्णय आयोगाचा नव्हता, आणि पट्टी होती तिथेच आहे.

मेन राज्याजवळच्या मॅकियास सील बेटावर दोन्ही देश हक्क सांगतात आणि आयोग तो वाद मिटवू शकत नाही, अशी टीका काही जण करतात. ती मला अन्याय्य वाटते. जी हद्द ठरलेली आहे तिची निगा राखणे हे आयोगाचे काम आहे. जी ठरलेलीच नाही ती ठरवणे सरकारांचे काम आहे.

भारत–नेपाळ हद्दीशी तुलना करण्याचा मोह मराठी वाचकाला होणारच, कारण पशुपतिनाथ, लुंबिनी, मुक्तिनाथ या यात्रांना निघालेल्या आपल्याकडच्या बसगाड्या सुनौलीवरून जातात. तेथेही हद्दीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा गजांचा मोकळा पट्टा राखायचा असतो, त्याला तेथील लोक ‘दसगजा’ म्हणतात, आणि जुन्या मोठ्या खांबांना ‘जंगे पिलर’. नद्यांनी वाहून नेलेले खांब पुन्हा उभारणे, पट्ट्यातली अतिक्रमणे काढणे आणि खांबांचे उपग्रहाधारित स्थान नोंदवणे यासाठी २०१४मध्ये दोन्ही देशांनी संयुक्त सीमा कार्यगट नेमला आणि त्याने जमिनीवर खरेच बरेच काम केले आहे. परंतु त्याची २०१९नंतरची बैठक थेट २०२५मध्ये झाली. तराईतल्या नद्या सहा वर्षे कोणाची वाट पाहत नाहीत. कालापानी आणि सुस्ता हे वाद बाजूला ठेवून, जी हद्द दोघांनाही मान्य आहे तिच्यासाठी तरी कायमस्वरूपी आयोग असावा, निश्चित वार्षिक निधी असावा आणि दरवर्षीचा अहवाल जाहीर व्हावा, असे मला कळकळीने वाटते.

ज्यांना ही सेवा प्रत्यक्ष पाहायची आहे त्यांनी पीस आर्च उद्यानापासून सुरुवात करावी. तेथे दोन्ही देशांच्या बाजूंनी आलेले लोक एकाच हिरवळीवर वावरतात, मात्र परत जाताना आलो त्याच देशात जावे लागते. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे नियम तपासावेत आणि व्हिसावर असलेल्यांनी कागदपत्रे जवळ बाळगावीत. झिरो अ‍ॅव्हेन्यूवर चर ओलांडण्याचा विचारही करू नये. दिवसभर वेळ असेल तर पॉइंट रॉबर्ट्सला जावे, जे अमेरिकेचे असूनही खुष्कीच्या मार्गाने तेथे कॅनडातूनच पोहोचता येते. तेथील कड्यावर १८६१मध्ये उभारलेला ग्रॅनाइटचा, पहिल्या क्रमांकाचा खांब आहे. लांबची पायी वाट चालणाऱ्यांना पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलच्या उत्तर टोकाला ७८ क्रमांकाचा खांब भेटतो. कोठेही खांबावर चढू नये, त्यावर नाव कोरू नये. कॅनडात आंतरराष्ट्रीय हद्दीच्या खुणेला जाणूनबुजून इजा करणे हा फौजदारी गुन्हा आहे. वाकलेला, तडकलेला किंवा पायथा उघडा पडलेला खांब दिसला तर त्याचा क्रमांक, छायाचित्र आणि ठिकाण आयोगाला कळवावे.